फुसीबाईंची पाळत

रविवारी दहाच्या प्रार्थनेला गाणारी मंडळी उभी राहिली, आणि फुसीबाईंची नजर धाकट्या भावाच्या, केलेपीच्या, कमरेच्या दोरीवर जाऊन अडकली. दोरी त्यांच्याच हातची. नारळाचा काथ्या कुजवून, बडवून, मांडीवर वळून त्यांनी ती केलेपीच्या पन्नाशीला करून दिली होती. चर्चला जाताना कपड्यांवरून कमरेला गुंडाळायची मानाची चटईही त्यांनीच विणलेली. गाठ मारल्यावर दोरीची टोकं पुढे चार बोटं लोंबायची. सात वर्षं तेवढीच लोंबत होती. आज ती वीतभर लोंबत होती.

फुसीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वीतभर, आणि वर अंगठ्याएवढी.

त्यानंतरचं प्रवचन त्यांच्या कानांत शिरलं नाही. दोरी काही आपोआप लांब होत नाही. म्हणजे आतला माणूस कमी झाला होता. आणि या गावात माणूस वाळला, की लोक आधी त्याच्या घराकडे बघतात, मग त्याच्याकडे. अंगानं भरलेला नवरा ही बायकोची अब्रू असते.

सरळ विचारून टाकावं, तर बहीण-भावांत तशी रीत नव्हती. मिसरूड फुटल्यापासून केलेपी बहीण बसलेल्या खोलीत कधी आला नव्हता. ती दिसली की तो दारातूनच मागे फिरायचा. एकमेकांच्या अंगाविषयी, दुखण्याखुपण्याविषयी बोलणं तर दूरच. निरोप असेल तर तो मुलांकरवी, नाहीतर लोसेलिनीकरवी, म्हणजे केलेपीच्या बायकोकरवी जायचा. मान मात्र सगळा बहिणीचा. फुसीबाईंनी काही सांगितलं आणि केलेपीनं ते ऐकलं नाही, असं घडलेलं नव्हतं.

फुसीबाई चौसष्ट वर्षांच्या. नवरा मालवाहू बोटीवर आचारी होता. तो जाऊन बारा वर्षं झाली. एकुलती मुलगी ऑकलंडला. साऱ्या वावाऊ बेटावर त्यांच्यासारखी चटई विणणारी दुसरी बाई नव्हती, आणि त्याचं कारण त्यांचा संशयी स्वभाव हेच होतं. केवड्याचं पान त्या आधी हुंगायच्या, मग कानाशी नेऊन वाकवायच्या, आणि आवाज पटला नाही तर बाजूला टाकायच्या. दुकानातला माशाचा डबा हलवून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. पाद्री प्रवचनात रडले, तर नक्की कोणत्या डोळ्यातून पाणी आलं तेही त्यांच्या ध्यानात असायचं. पण त्या कुणाचं वाईट चिंतीत नसत. फक्त त्यांना शहानिशा केल्याशिवाय झोप लागत नसे.

आणि या खेपेला मनात पाल चुकचुकायला खरंच कारण होतं. त्यांच्या वडिलांच्या अंगठ्याला शिंपल्यानं खरचटलं होतं. एवढंच. मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि शेवटी वडील. गावानं त्याला नशीब म्हटलं. दवाखान्यातल्या नर्सनं रक्तातली साखर म्हटलं. शेवटच्या वर्षात त्यांचं अंग पुसायचं काम फुसीबाईंकडे होतं. तेव्हा वडील असेच कमरेत वाळले होते.

सोमवारी विणकामाच्या छपरीत त्यांनी विषय काढला. डाव्या हाताला उइनी बसायची, गेली तीस वर्षं तीच जागा. तिचे हात थांबत, तोंड थांबत नसे.

"दोरी ताणली असेल गं," उइनी म्हणाली. "जुनी झाली की काथ्या सैल पडतो."

"माझी दोरी?"

"बरं बाई, नाही ताणली! मग तुझ्या भावजयीनं हात आखडता घेतला असणार. ती पहिल्यापासून मोजून वाढणारी."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "पण तो हल्ली तिन्ही प्रार्थनांना जातो म्हणे. पहाटेची, दहाची आणि दुपारी तीनची. दहाची इथे, बाकीच्या दोन टेकडीपलीकडच्या चर्चला. चालत."

"केलेपी? दुपारच्या प्रार्थनेला?" उइनीनं कपाळाला हात लावला. "अगं, रविवारचं जेवून आडवा झाला की त्याला भूकंपानं उठवलं नसतं! फुसी, तो देवाला भेटायला जातो की वाटेत कुणाला भेटायला जातो, ते बघ आधी."

बायका हसल्या. फुसीबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी नारळाच्या दुधातली अळूची पुरचुंडी भट्टीत भाजली, टोपलीत घातली आणि भावाच्या घरी गेल्या. केलेपी बंदरावरच्या गोदामात कारकून होता. या वेळी तो घरी नसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अंगणात आंब्याखाली त्याची गाडी उभी होती. घरापासून गोदाम हाकेच्या अंतरावर, पण केलेपी गाडीखेरीज कधी गेला नव्हता. आज गाडीत, चालकाच्या जागेवर, एक तांबडी कोंबडी बसली होती.

"गाडी बिघडली का गं?"

"नाही वन्सं. चालू आहे," लोसेलिनी म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली होती, आणि पुसून झालेले हात पुन्हा पुसत होती.

"मग ही?"

"ती बसलीय अंड्यांवर. आता पिल्लं निघेपर्यंत उठवता यायची नाही."

"आणि ती बसायच्या आधी गाडी कुणी का हलवली नाही?"

लोसेलिनीनं बाकावरची नसलेली धूळ झटकली. "बसा ना, वन्सं."

फुसीबाई बसल्या नाहीत. नणंदेच्या हक्कानं त्या आत गेल्या आणि त्यांनी फ्रीजरचं झाकण उघडलं. मासे. त्याखाली मासे. त्याखाली बर्फ.

"मेंढीचं मांस कुठंय?"

"आणत नाही हल्ली."

"महागलं?"

"नाही."

"तुला आवडेनासं झालं?"

"मला खूप आवडतं, वन्सं," लोसेलिनी म्हणाली. ते इतक्या कळवळून, की फुसीबाईंचा संशय दुणावला. एवढं आवडतं, आणि आणत नाही? म्हणजे ही कुठेतरी लपवून खाते आणि नवऱ्याला मासे घालते.

"तो जेवतो ना?"

"जेवतात."

"पोटभर?"

लोसेलिनीनं फ्रीजरचं झाकण लावलं. "पुरेल एवढं."

पुरेल एवढं! परतीच्या वाटेवर ते दोन शब्द फुसीबाईंना काट्यासारखे टोचत राहिले. पुरेल एवढं पाहुण्याच्या कुत्र्याला घालतात, असं त्या दुसऱ्या दिवशी छपरीत बोलूनही गेल्या.

पुढच्या शुक्रवारी बंदरावर एक गोष्ट घडली आणि तासाभरात ती छपरीत येऊन पोचली. कोनफळांच्या पोत्यांचं वजन करताना हमालांनी चेष्टेनं केलेपीला काट्यावर उभं केलं. भरले एकशे एकवीस किलो. गेल्या वर्षी चर्चच्या आवारात नर्सनं साऱ्या गावाचं वजन घेतलं, तेव्हा तो एकशे सव्वीस होता.

"बघ, पाचच किलो," उइनी म्हणाली. "एका रविवारच्या जेवणात भरून येतील. उगाच जीव टांगणीला लावलास."

"पाच किलोंत दोरी वीतभर सुटत नाही, उइनी."

"मग खिशात दगड घालून उभा राहिला असेल."

"लोसेलिनीनं शिवून दिले असतील खिसे!" पलीकडून आवाज आला आणि छपरी पुन्हा हसली.

फुसीबाईंच्या बोटांतली पात मात्र थांबली होती. कमरेत माणूस वाळतो आणि काट्यावर जड भरतो, हे त्यांनी एकदाच पाहिलं होतं. वडिलांचं. शेवटी त्यांच्या पायांत पाणी भरलं होतं. वरून काटकी, खालून ओंडका. बाकीच्यांना काट्यानं धीर दिला, फुसीबाईंचा होता नव्हता तो धीर त्यानं काढून घेतला.

त्यांनी पात खाली ठेवली. "चर्चचं वर्षाचं जेवण सहा आठवड्यांवर आहे. तोवर त्याच्या अंगावर मांस दिसलं नाही, तर मी सगळ्यांसमोर सांगणार. केलेपी माझ्या घरी येईल. मोठं घर त्याला देईन, मी चुलीच्या खोपीत झोपेन. पण त्याला मी जेवू घालेन."

कुणी हसलं नाही. नणंदेनं भर पंगतीत असं बोलणं म्हणजे लोसेलिनीच्या तीस वर्षांच्या संसाराचा गावासमोर पंचनामा. त्यानंतर तिला माहेरच्या बेटावर जाण्याखेरीज वाट उरली नसती. आणि फुसीबाई बोललेलं मागे घेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण शहानिशा हवी. केलेपी रोज चारला गोदामातून निघून रानवाटेनं जातो, एवढं कळलं होतं. कुठे जातो आणि कुणाकडे, ते कुणी सांगेना. तेव्हा फुसीबाईंनी केवड्याची पानं बघायला जाते असं सांगितलं, टोपली घेतली, आणि भावाच्या मागून निघाल्या.

पहिल्या दिवशी त्या दफनभूमीच्या भिंतीपर्यंत पोचल्या. तिथे बसून त्यांनी इतका वेळ दम खाल्ला, की केलेपी परत येताना दिसला तेव्हाही त्या तिथेच होत्या. घाईघाईनं टोपलीत तोंड खुपसून पानं शोधू लागल्या. तो मान खाली घालून रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेनं गेला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि पायांत, या उकाड्यात, मोजे आणि बंद बूट! चपलांखेरीज पायांत काही न घालणारा माणूस. फुसीबाईंनी तेही मनात नोंदवलं. बूट कुणी दिले?

दुसऱ्या आठवड्यात त्या नीरफणसाच्या झाडापर्यंत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या कुंपणापलीकडे, जिथून चढ सुरू होतो. गुडघे रात्रभर बोलायचे, म्हणून त्या तेल चोळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायच्या. चढावर त्या विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायच्या, थांबायच्या, पुढचा खांब धरायच्या. पुढे तो दिसेनासा झाला की चिखलात उमटलेल्या बुटांच्या ठशांवर चालायच्या. ठशांजवळ दुसरे ठसे आहेत का, तेही बघायच्या. एकदा होते. बाईचेच, लहान, अनवाणी. त्या दिवशी फुसीबाईंना भूकच लागली नाही.

"तू हल्ली खांब न धरता उठतेस की," एक दिवस उइनी म्हणाली. चटईवरून उठायला फुसीबाईंना नेहमी छपरीचा खांब लागायचा.

"मग काय झालं?"

"काही नाही. चेहराही उतरलाय. पानं शोधायला म्हणून कुठे जातेस गं? टोपली तर रिकामी येते."

"तुझी पात चुकलीय, ती बघ."

जेवण रविवारी होतं. त्या आधीच्या गुरुवारी फुसीबाई पहिल्यांदा टेकडी चढून गेल्या. खाली केलेपीचं रान होतं. वर्षानुवर्षं ते कुणाला तरी कसायला दिलेलं, आणि केलेपी गाडीतून येऊन आपल्या वाट्याची कोनफळं घेऊन जायचा. आता तिथे तो स्वतः होता. पहारीनं जमीन फोडत होता, माती ओढून उंचवटे करत होता. असे किती उंचवटे झाले होते! दोन रांगा पूर्ण होत्या. फुसीबाई आंब्याच्या बुंध्याआड उभ्या राहिल्या आणि बाई शोधू लागल्या.

बाई नव्हती. तासभर नव्हती. मग केलेपी एका दगडावर बसला. बूट काढले, मोजे काढले, पाऊल आडवं मांडीवर घेतलं. पिशवीतून एक लहान आरसा काढला आणि तळव्याखाली धरला. बोटं एकेक करून बाजूला केली, मध्ये बघितलं. टाच बघितली. मग दुसरं पाऊल. घाई नव्हती. पावसाआधी छपराचं एकेक पान तपासतात तसं.

फुसीबाईंनी तोंड फिरवलं. भावाचे उघडे तळवे बघायचे नसतात. पण जे कळायचं ते कळून चुकलं होतं. वडिलांच्या अंगठ्याला खरचटलं ते त्यांना तीन दिवस समजलंच नव्हतं. तळव्याला जाणीव उरली नव्हती.

मागे काटकी मोडली. लोसेलिनी उभी होती. अनवाणी. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पानात बांधलेलं काहीतरी.

"वन्सं," ती म्हणाली.

"किती दिवस?" फुसीबाईंनी विचारलं.

"साखर आहे हे कळून दहा महिने झाले. तळव्याला फोड आला होता, ह्यांना पत्ताच नाही. मला रक्त दिसलं चादरीवर." लोसेलिनी हळू आवाजात बोलत होती. "नर्स म्हणाली, गोळ्या घ्या, पण चालाही. बंद बुटांतच. आणि हातांनी काम करा, जड काम. आणि रोज तळवे बघा."

"त्या तिन्ही प्रार्थना?"

"रविवारी नुसतं चालत सुटलं तर लोक काय म्हणतील? चर्चला चालत जाणाऱ्याला कोण अडवतंय!" लोसेलिनी जरा हसली. "प्रवचन चालू झालं की झोपतात मागच्या बाकावर. पण चालत जातात."

"आणि वजन? काट्यावर एकशे एकवीस भरला. पायांत पाणी झालंय का त्याच्या? खरं सांग."

"नाही वन्सं! मीही तेच विचारलं नर्सला. ती पाय दाबून बघते दर महिन्याला, खळगा पडत नाही. म्हणाली, पोटावरची चरबी जातेय आणि मांड्यांत, खांद्यांत ताकद भरतेय, म्हणून काटा फारसा हलत नाही. काट्याकडे बघू नका, कमरेकडे बघा, म्हणाली. साखरही उतरलीय. पूर्ण नाही. पण उतरलीय."

फुसीबाईंनी हे मनात उलटसुलट करून बघितलं, पानासारखं वाकवून बघितलं. आवाज बरोबर येत होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हांला? ह्यांच्या अंगाचं?" लोसेलिनीचे डोळे भरून आले. "आणि ह्यांनी शपथ घातली होती. ताईला कळलं तर ती बाबांचं सगळं पुन्हा भोगेल, म्हणाले. बरं झालो की आपोआप कळेल. छपरीत काय बोलतात ते मला कळत होतं, वन्सं. रविवारी काय होणार तेही. पण शपथ."

"आणि मेंढीचं मांस?"

"समोर असलं की ह्यांच्यानं राहवत नाही. म्हणून मीही सोडलं." ती इतक्या दुःखानं म्हणाली, की फुसीबाईंना आपला फ्रीजरपाशीचा निष्कर्ष आठवला आणि कानशिलं गरम झाली.

त्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली, दोन घोट पाणी प्यायल्या, आणि बाटली परत दिली. "जा. तो वाट बघत असेल. मी दिसले म्हणून सांगू नकोस."

रविवारी जेवणाला सारं गाव होतं. लांबच लांब चटयांवर भाजलेली डुकरं, कोनफळं, खेकडे, पुरचुंड्या. छपरीतल्या बायका एका रांगेत बसल्या होत्या आणि खाण्यापेक्षा फुसीबाईंच्या तोंडाकडे जास्त बघत होत्या. लोसेलिनी तबक घेऊन वाढत होती.

केलेपी पुरुषांच्या रांगेच्या टोकाला बसला होता. यजमानानं स्वतः डुकराच्या पाठीचा चरबीदार तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला होता. तो मान म्हणून देतात. केलेपीनं मासा खाल्ला, कोनफळ खाल्लं, आणि तुकडा तसाच राहिला.

"काय रे केलेपी," यजमान मोठ्यानं म्हणाले, "आमचं डुक्कर कडू लागलं की काय?"

"तसं नाही, दादा..."

"मग? घरचीच सवय लागली वाटतं, पुरेल एवढं खायची!"

कुणीतरी खुसखुसलं. लोसेलिनी होती तिथे थांबली. केलेपीनं मान खाली घातली आणि हात त्या तुकड्याकडे नेला.

तेवढ्यात फुसीबाई उठल्या. उइनीनं त्यांच्या घागऱ्याचं टोक धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं.

"तो तुकडा इकडे आणा," त्या म्हणाल्या. "भावाच्या पानातलं बहिणीनं मागितलं, तर नाही म्हणायची रीत निघालीय का गावात?"

यजमान गोंधळले. रीत तर होती. तुकडा उचलला गेला, पंगतीतून हातोहात बायकांकडे आला.

"इथून पुढे त्याच्या पानात जे गोड आणि चरबीचं येईल, ते माझं. या जेवणातलं आणि पुढच्याही. केवळ मासे आणि कंद त्याचे. हे मी सांगतेय, लोसेलिनी नव्हे. कुणाला वाईट वाटलं तर माझ्याकडे यावं." मग त्या बाजूला सरकल्या आणि चटईवर हात आपटला. "लोसेलिनी, ते तबक दुसऱ्या कुणाला दे. तू ये. माझ्या उजव्या हाताला बस."

लोसेलिनी आली. बसली. फुसीबाईंनी तो तुकडा दोन भागांत केला आणि मोठा भाग तिच्यापुढे ठेवला.

"खा. घरी तर आणायचा नाही. इथे खा."

"अगं, मग तू भावाला घरी नेणार होतीस, त्याचं काय?" उइनी कुजबुजली.

"तू जेव."

सोमवारी फुसीबाई दवाखान्यात गेल्या, चालत. नर्सनं बोट टोचलं, यंत्रावर आकडा आला. तो चांगला नव्हता, आणि फार वाईटही नव्हता. फुसीबाईंनी यंत्राकडे बघितलं, नर्सकडे बघितलं, आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. आकडा तोच आला.

त्या दिवसापासून चार वाजता रानवाटेवर तीन माणसं दिसू लागली. फुसीबाई सगळ्यांत पुढे, कारण बहिणीपुढे चालणं केलेपीला शोभलं नसतं. केलेपी पन्नास पावलं मागे. दोघं एकमेकांशी बोलत नसत, बघतही नसत. मागे वळून बघायची सोय नसल्यामुळे फुसीबाई बुटांच्या आवाजावर कान ठेवून चालत. आवाज मंद झाला की त्यांना संशय येई: दमला की फसवतोय? मधल्या पन्नास पावलांत लोसेलिनीच्या येरझारा.

"वन्सं," चढावर ती धापा टाकत जवळ आली, "हे म्हणतात, जरा हळू चाला."

"तळवा दुखतोय का त्याचा?"

लोसेलिनी मागे गेली आणि परत आली. "नाही म्हणतात. दम लागलाय नुसता."

फुसीबाई क्षणभर थांबल्या. मागे बूटही थांबले.

"मग सांग त्याला," त्या म्हणाल्या, "वरच्या आंब्यापर्यंत चल म्हणावं. तिथे बसू."